नामदेवकाकांची रेष

काल तू म्हणे ना, नजरेचं माप खरं नसते म्हणून? मंग आमच्या नामदेवकाकांचं ऐक.

हिंगणघाटात आमच्या फुटबॉल क्लबचं ग्राउंड तेच आखतात. जिंदगीभर शेतात पेरणीची तिफन धरली, आता चुन्याची फक्की धरतात. टेप नाई, दोरी नाई. पावलानं चालतात अन् रेष ओढतात.

यंदा लीगच्या मॅचले नागपूरवरून एक साहेब आले. आल्याबरोबर टेप काढला. "माप चुकलं तर मॅच रद्द. पॉइंट समोरच्या टीमला." आम्ही आधीच सर्वात खाली. हे पॉइंट गेले का लीगच्या बाहेर!

साहेब मोजून राह्यले अन् आमचा जीव टांगणीले. लांबी बरोबर. रुंदी बरोबर. मंग गोलच्या खांबापासून पेनल्टी बॉक्सच्या रेषेपर्यंत मोजलं. डावीकडं बरोबर, उजवीकडं वीतभर जास्त.

"काका, रेष चुकली."

काका घमेलं धुऊन राह्यलते. मानही वर केली नाई.

"रेष नाई चुकली. खांब पाहा."

साहेबांनी गोल मोजला. वीतभर अरुंद! मागच्या महिन्यात लग्नाच्या मांडवासाठी तो उजवीकडचा खांब आम्हीच उपटलता, अन् आम्हीच परत गाडलता. तेव्हापासून रोज त्याच गोलवर प्रॅक्टिस, पण एकाच्याही ध्यानात आलं नाई.

पहार आणली, खांब सरकवला. साहेबांनी पुन्हा मोजलं. आता उजवीकडंही बरोबर. मंग टेप काकांपुढं धरला.

"काका, हा टेप बरोबर आहे का, तेवढं पाहून द्या."