बाबांचा नो-बॉल

इंग्लंडमधल्या आमच्या स्लाऊच्या निखिलचं सांगतो. बोलिंग करताना कोपर वाकतं म्हणून शाळेत असल्यापासून त्याला नो-बॉल देणारे अंपायर म्हणजे त्याचेच बाबा. चिडून पठ्ठ्या बेसबॉलकडे वळला आणि अमेरिकेला गेला. तिथे ड्राफ्टमध्ये, म्हणजे मोठ्या टीम नवे खेळाडू निवडतात तेव्हा, एकाही टीमनं घेतलं नाही. तरी खालच्या लीगमध्ये, बसनं गावोगाव फिरत, पिचर, म्हणजे तिकडचा बोलर, म्हणून टिकला. शेवटी तिथूनही नारळ मिळाला.

परत आला त्या रविवारी आमच्या मंडळाची क्रिकेट मॅच होती. मी कीपर, अंपायर अर्थात बाबा. निखिलनं पहिला बॉल टाकला आणि बाबांचा हात आडवा झाला.

"नो-बॉल."

"बाबा, याच ॲक्शनचा मला तिकडे पगार मिळायचा."

"मिळत असेल. इथे कोपर सरळ ठेव."

"तुम्ही माझी एक तरी गेम बघितलीत का?"

बाबांनी टोपी नीट केली.

"शेवटच्या सीझनला तुझा खांदा दुखत होता. कोचला सांगितलं नाहीस. मला इथे स्क्रीनवर दिसत होतं."

निखिल बॉल घेऊन मागे वळला. पुढचा बॉल त्यानं कोपर अगदी सरळ ठेवून टाकला.

इतक्या वर्षांनी घरी आलेल्या पोरासमोर बाबांनी दोन्ही हात पसरले, ते वाइड द्यायला.