येशकेचा गुडघा

– नाही, असा नको, पालथा हो. तोंड त्या भोकात घाल आणि पाय टेबलाच्या बाहेर लोंबू देत – हां, असा. आता गप्प पड, बोललास की पोटऱ्या ताठ होतात. तू विचारलंस ना, ‘हाइनर, शनिवारी मी उभा राहीन का?’ म्हणून – सांगतो. तीस वर्षं झाली मला या क्लबात, आर्ने, तीस वर्षं याच खोलीत पाय चोळतोय, अकरा ट्रेनर आले नि गेले, मी आहे तिथेच. सेंटर फॉरवर्डचा पाय तर डोळे मिटून ओळखीन मी, त्याची आतली बाजू वेगळीच असते, हावरी असते. – इथे दुखतंय? आणि इथे, हाडावर? – बरं. बरं. काही नाही, सूज आहे. शनिवारी हरलो की गेलो खालच्या लीगमध्ये, हे मी कशाला सांगू तुला, पेपरवाले रोज सांगतायत, तुझ्या बायकोला बेकरीतसुद्धा ऐकवत असतील. चार वाजता डॉक्टर केम्पर येतील, एक सुई देतील, शनिवारी जेवणानंतर दुसरी, की मग नव्वद मिनिटं हा घोटा तुझा नाहीच – दुसऱ्या कुणाचा तरी आहे, आणि दुसऱ्याचं दुखणं आपल्याला दुखत नसतं. हे माझं नाही हं. येशके म्हणायचा असं.

येशके ठाऊक नाही? फोल्कमार येशके – जिन्यात फोटो आहे बघ, हवेत आडवा झालेला, मिशीवाला, तोच. सत्तर साली आला तो, वीसचा होता. बाप खाणीत, हाही खाणीत, वीजवाल्याच्या हाताखाली. शनिवारी सकाळची पाळी करून सरळ मॅचला यायचा, कानामागे कोळसा तसाच. मी म्हणायचो, अरे, आधी मान धू, मग टेबलावर चढ, माझ्या चादरी काळ्या होतात. तर म्हणायचा, ‘हाइनर, राहू दे, मला धरायला येणाऱ्याला जरा हात काळे व्हायची भीती वाटू दे.’ असा होता. पळायला काही खास नाही, दिसायला तर त्याहून नाही, मैदानात असा उभा राहायचा जणू बसची वाट बघतोय – आणि बॉल जिथे पडायचा तिथे हा आधीच पोचलेला. कसा, ते त्यालाही सांगता यायचं नाही. पहिल्या वर्षी नऊ गोल, दुसऱ्या वर्षी सतरा, तिसऱ्या वर्षी बावीस. बहात्तरच्या हिवाळ्यात राष्ट्रीय संघाच्या शिबिराचं बोलावणं आलं, तेव्हा त्याच्या बायकोने, गुड्रुनने, अख्ख्या टीमला पुरेल एवढं बटाट्याचं सॅलड करून आणलं होतं, कपडे धुवायच्या टबात कालवून – धुतलेल्या टबात. दक्षिणेतल्या एका बड्या क्लबाचा माणूस तर या आवारात येऊन गेला, चामड्याचा कोट घालून. चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात नेतो म्हणाला.

पाय सैल सोड. मी बोलतोय तर तू ऐकत पड, अंगठा कशाला ताणतोस.

तर त्र्याहत्तरच्या शरद ऋतूत गुडघा सुरू झाला. डावा. लाथ बसली नाही, पडला नाही, काही नाही, सोमवारी जिना उतरताना कठडा धरायला लागला, एवढंच. मी हात लावला. वाटीच्या खाली ती जाड दोरी असते ना, जिच्यावर सगळा पाय लटकतो, ती मला हाताला लागली – कशी सांगू, ओला दोर कप्पीत बरीच वर्षं फिरला की जसा फुगतो आणि आतून विरतो, तशी. मी आधी खाणकामगारांच्या इस्पितळात होतो, सात वर्षं, तसले गुडघे मी पाहिलेले. डॉक्टरांना सांगितलं. हे केम्पर नव्हेत, आधीचे, म्हातारे. ते म्हणाले सूज आहे, आणि सुई दिली. शनिवारी पोरगं हरणासारखं पळालं, दोन गोल. मग महिन्याला एक सुई. मग पंधरवड्याला. मग दर शनिवारी. आता डॉक्टरांचा स्वतःचा दवाखाना, शनिवारी सकाळी तिथे बायाबापड्यांची रांग, ते कुठे दर वेळी येणार – तर ते पेटी ठेवून जायचे इथे. कपाटात. मी सुया दिलेल्या होत्या इस्पितळात, त्यात काही मोठी विद्या नाही, माझा हात हलका होता, फोल्कमारच म्हणायचा, तुझी कळतसुद्धा नाही. सगळेच करायचे तेव्हा. प्रत्येक क्लबात. किती दिल्या ते कोण मोजतंय.

एकोणीस.

चौऱ्याहत्तरच्या मार्चमध्ये गुड्रुनने त्याला जबरदस्तीने कोलोनला नेलं, एका गुडघ्याच्या मोठ्या डॉक्टरकडे. क्लबच्या खर्चाने, म्हणून पत्र क्लबात आलं. अध्यक्षांनी उघडलं. तू आता पडलायस ना, त्याच टेबलाला टेकून उभ्याउभ्या वाचलं त्यांनी, मग घडी घातली आणि मला म्हणाले, ‘हाइनर, सीझन मेमध्ये संपतो. पोस्टाला कधीकधी वेळ लागतो, नाही का?’ आणि माझ्या टॉवेलांवर ठेवून गेले. मी काय करणार? मी मालिशवाला. मी ते टॉवेलांच्या खाली सरकवलं आणि कपाट लावलं. वाचलं नाही मी. – वाचलं. लांबलचक नव्हतंच ते. चार महिने पूर्ण विश्रांती, सुया ताबडतोब बंद, नाहीतर दोरी तुटेल, तुटली की हा माणूस पुन्हा खेळणार नाही. बस. खाली सही. फोल्कमार रोज यायचा, इथेच पडायचा, आणि विचारायचा, ‘कोलोनहून काही?’ मी म्हणायचो, नाही. त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणायचो. एकदा त्याने मान वर केली, म्हणाला, ‘डॉक्टरांचं राहू दे. तुझ्या हातांना काय वाटतं, हाइनर? टिकेल?’ तुला सांगतो आर्ने, खेळाडू डॉक्टरला विचारतो ना, तेव्हा त्याला उत्तर हवं असतं. मालिशवाल्याला विचारतो तेव्हा त्याला धीर हवा असतो. मी म्हणालो, टिकेल.

आणि टिकला की. शेवटच्या मॅचपर्यंत टिकला. तेव्हाही हेच, आत्ता आहे तसंच – जिंकलो तर वाचलो, नाही तर खाली. एकाहत्तराव्या मिनिटाला त्याने गोल केला, डाव्या पायाने, त्याच पायाने, कोपऱ्यात. तीस हजार माणसं एकदम ओरडली की आवाज कानाला नाही, छातीला लागतो. मी रडलो, खोटं कशाला सांगू. आणि मग, दहा मिनिटांनी असेल, तो मागे वळला. नुसता वळला. आसपास कुणी नाही, बॉल पार तिकडे. मला बाकावर ऐकू आलं ते – एवढ्या गोंगाटात – ओली चादर दोघांनी धरून टरकन फाडावी तसं. मी पिशवी घेऊन धावलो. गुडघ्याची वाटी जागेवर नव्हती. वर सरकली होती, मांडीत, एवढी वर. आणि तो माझ्याकडे बघत होता, कण्हत नव्हता, ओरडत नव्हता, म्हणाला, ‘हाइनर, दुखत तर नाहीये. मग उठता का येत नाही?’

दुखत नव्हतं कारण सुई माझी होती. दोन वाजता दिलेली.

मॅच जिंकलो. लोक मैदानात घुसले, आम्ही त्याला स्ट्रेचरवरून त्या नाचणाऱ्या गर्दीतून नेत होतो आणि लोक त्याच्या छातीवर गळपट्टे टाकत होते, एकाने हातात बिअरचा ग्लास दिला. तोही पठ्ठ्या हसून प्यायला. त्याला वाटलं, सहा आठवड्यांत परत येऊ. तीन ऑपरेशनं झाली. मग आत पू झाला – सुईने होतो कधीकधी, नेहमी नाही, कधीकधी – चौथं झालं, त्यात त्यांनी सांधाच पक्का करून टाकला. तेव्हापासून पाय सरळ आहे, काठीसारखा. एकशेअठरा मॅचेस, त्रेसष्ट गोल, वय वर्षं चोवीस. चामड्याच्या कोटवाल्याने फुलं पाठवली, बाकी काही नाही.

तू बघतोस त्याला. रोज बघतोस. गाडीतळाच्या फाटकावर जो असतो, उंच स्टुलावर, एक पाय पुढे काढून – तुम्ही सगळे काच खाली करून हात करता त्याला – तोच. मिशी काढली त्याने. क्लबाने दिली ती नोकरी, म्हणजे क्लब अगदीच कृतघ्न नाही. गाडीत त्याला पुढे बसता येत नाही, मागच्या सीटवर आडवा बसतो, गुड्रुन चालवते. दर ख्रिसमसला माझ्या घरी येतो, दारूची बाटली घेऊन, आणि म्हणतो काय – ‘हाइनर, तू नसतास तर तो शेवटचा गोल झालाच नसता.’ वीस वर्षं. वीस बाटल्या. मनापासून म्हणतो रे तो, टोमणा नसतो त्यात, टोमणा असता तर मी प्यायलोही असतो. गुड्रुन गाडीतून उतरत नाही. ती एकदा आली होती इथे, पंच्याहत्तरमध्ये. म्हणाली, मी कोलोनला फोन केला होता, ते म्हणतात पत्र पाठवलं. मी टॉवेलांच्या घड्या घालत होतो. मी म्हटलं, बाई, पोस्टात काय काय हरवतं. ती माझ्या तोंडाकडे बघतच नव्हती, माझ्या हातांकडे बघत होती. मग म्हणाली, ‘हात धुवा, हाइनर,’ आणि गेली. हात स्वच्छच होते माझे.

– काय? मी का सांगतोय? अरे, धीर यावा म्हणून. म्हणजे बघ, माणूस मनात आणलं तर कसा खेळू शकतो. त्याचा गोल आहे म्हणून हा क्लब आहे, तू आहेस, तुझा पगार आहे. आणि त्याचा गुडघा होता, तुझा घोटा आहे, घोटा म्हणजे काही गुडघा नव्हे. औषधंही आता नवीन. – उठू नकोस, डाव्या बाजूचं राहिलंय अजून. – कसला फोटो? तो, घोट्याचा, सोमवारी इस्पितळात काढलेला? नाही, तो काही आला नाही अजून. त्यांच्याकडे माणसं कमी आहेत, सुट्ट्या आहेत मध्ये, येईल पुढच्या आठवड्यात. आणि आला तरी काय असणार त्यात, तुझ्या वयात केसाएवढी चीर प्रत्येकाच्या हाडात कुठे ना कुठे –

मी चीर म्हणालो नाही.

म्हणालो? – असं बघू नकोस माझ्याकडे. आडवा हो. आर्ने. आडवा हो म्हणतो ना.

बरं, बसून राहा.

बुधवारी आलाय. कालच. ट्रेनरच्या खणात आहे, निळ्या पाकिटात. आतल्या बाजूच्या हाडाला, मघाशी मी दाबलं आणि तू टेबलाची कड धरलीस, तिथेच. उभी चीर आहे. आठ आठवडे प्लास्टर लिहिलंय. सुई घेऊन खेळलास तर हाड कधी मोडलं ते तुला कळणारसुद्धा नाही, खाली बघशील तेव्हा कळेल. मला दाखवलं त्यांनी. म्हणाले, हाइनर, तुझं ऐकतो तो, तू जरा बोल त्याच्याशी. – बोललो मी. तासभर बोलतोय.

मोजे तिथे खुंटीवर आहेत. नाडी आवळू नकोस, नुसता पाय घाल बुटात. दोन वर्षं राहिलीत माझ्या पेन्शनला, तेव्हा मी काही बोललो नाही आणि तू काही ऐकलं नाहीस, कळलं? आभार बिभार नकोत, हात पुढे करू नकोस, तेल आहे माझ्या हाताला. बायकोला सांग गाडी काढायला आणि सरळ इस्पितळात जा. जिन्याने नको. धोबीघराच्या बाजूने जा, मागून – पुढे डॉक्टरांची गाडी लागलीय.