सासूबाई नावाचं फंक्शन

पायथन ही कॉम्प्युटरची भाषा मी सासूबाईंच्या जिवावर शिकतेय, हे आधीच सांगून टाकते. ऑनलाइन क्लास असतो तेवढा वेळ बाळ त्यांच्याकडे. फंक्शन म्हणजे नाव दिलेलं छोटंसं काम. नाव घेतलं की काम झालं पाहिजे. सर म्हणाले, नावावरूनच काम कळू द्या. मला घराबाहेरचं काही सुचेना, म्हणून पहिल्या फंक्शनचं नाव इंग्रजी अक्षरांत ठेवलं 'सासूबाई'. चालवलं की स्क्रीनवर यायचं, 'बाळाला टोपी घाल'.

नेमक्या त्या बाळाला घेऊन मागे उभ्या. इंग्रजी अक्षरं त्यांना वाचता येतात, हे मी विसरलेच. आता उद्यापासून बाळ कोण घेणार?

"ही मी हाय व्हय?"

"हो आई. म्हणजे, नुसता सराव."

"उन्हाळ्यातबी हेच म्हनतं का?"

"कधीही चालवा, हेच म्हणतं."

त्यांनी बाळाची टोपी सारखी केली. मग म्हणाल्या, "आन आमच्या संदीपचं न्हाई केलं?"

"ह्यांचंही केलंय ना. पण त्यात फक्त 'पास' लिहिलंय. म्हणजे नाव आहे, काम काहीच करत नाही."

त्यांनी बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"मंग त्याला हात लावू नको. ते लई बराबर जमलंय."