ओल्या जमिनीवरचं पाऊल

बाबा : एवढं महिनाभर ब्रशने झाडून झाडून काढलंस, ते आता तूच बुजवणार?

मुलगी : हो. आधी कापड, त्यावर वाळू, मग माती, म्हणजे खालचं शाबूत राहील. घमेलं द्या इकडे.

बाबा : तुला घरी न्यायला आलो, तर कामालाच जुंपलंस!

मुलगी : उद्या इथे गोदामाचं काँक्रीट ओततील, बाबा.

बाबा : थांब, हे काय? पाऊल?

मुलगी : लहान मुलाचं. तीनेक हजार वर्षांपूर्वीचं. जमीन ओली असताना पळालेलं दिसतंय.

बाबा : केवढंसं आहे गं! चांगला धपाटा बसला असणार. तू नाही का लहानपणी स्वयंपाकघरातल्या ओल्या सिमेंटवर नाचली होतीस? तुझी आई ते पाऊल बुजवू देईना.

मुलगी : मग कुठे गेलं ते?

बाबा : टाइल्स बसवल्या ना नंतर.

मुलगी : कापडाचं ते टोक धरा.

बाबा : इथल्या साहेबाला सांगून बघायचं.

मुलगी : हातापाया पडले. गोदाम थोडं सरकवा म्हटलं. म्हणाले, "मॅडम, फोटो काढून झाले ना?"

बाबा : उचलून म्युझियमला दे मग.

मुलगी : उचललं की भुगा होईल.

बाबा : मग तूच जा म्युझियममधे. नाहीतर कॉलेजात शिकव.

मुलगी : म्युझियममधे एकच माणूस होता. तो रिटायर झाला, जागाही त्याच्याबरोबर गेली. कॉलेजात तासांवर बोलावतात. सरकारी भरतीची वाट बघता बघता माझं वय उलटलं. अशा जुन्या जागी बांधण्याआधी खणून बघायची अट असते, म्हणून हे गोदामवाले तरी काम देतात. आम्ही बघायचं. थांबवायचं आमच्या हातात नाही.

बाबा : सोडून दे मग!

मुलगी : मी सोडलं तर दुसऱ्या कुणाला आणतील. तो वाळूसुद्धा घालणार नाही. मला रडू येतंय, बाबा, बोलू नका.

बाबा : बरं, बरं. नाही बोलत.

मुलगी : खिशात नाणं आहे? नवंकोरं बघा.

बाबा : आता नाणं कशाला?

मुलगी : बुजवताना तळाशी ठेवतो आम्ही. पुढे कुणी खणलंच, तर त्याला कळतं, आपल्याआधी कुणीतरी इथवर येऊन बघून गेलंय.

बाबा : काँक्रीट फोडून कोण खणतंय, बाई!

मुलगी : कुणी नाही.

बाबा : ...हे घे. थांब, मीच ठेवतो. पावलाजवळ ना?

मुलगी : थोडं बाजूला. टाचेला लागू देऊ नका.

बाबा : छापा वर ठेवू की काटा?

मुलगी : वर्ष दिसेल असं ठेवा.