नागोशेटचं आसन

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा. पेटीवाले, तुम्हीही थोडं पाणी प्या. पूर्वरंगात आपण दानाचा महिमा गायला. आता मला एक सांगा — देणारा देतोय, घेणारा दारात उभा आहे, मध्ये भिंत नाही, कुलूप नाही, आणि तरी दान पोचत नाही! असं होईल का हो? मागच्या ओळीतले मान हलवताहेत, नाही म्हणून. मग ऐका!

मांडवे नावाचं गाव. तिथं नागोशेट तांबट म्हणून भला व्यापारी होऊन गेला. लहानपणी शाळेत त्यानं विचारलं, "गुरुजी, चांदण्या दिवसा कुठं जातात?" गुरुजी म्हणाले, "खाली बस!" बसला बिचारा. पण ते बसणं त्याला जन्मभर बोचलं. पैसा आल्यावर त्यानं सभागृह बांधलं, आसन घातलं, म्हणजे प्राध्यापकाची कायमची पगारी जागा, आणि नियम केला — दर गुरुवारी दिवेलागणीला आसनाच्या प्राध्यापकानं आकाशाबद्दल चार गोष्टी सांगायच्या. फुकट! कोणीही यावं, काहीही विचारावं. आत एक जरी श्रोता बसला तरी बोलायचं. कोणीच नसेल, तर घंटा वाजवून दिवा शांत करायचा आणि घरी जायचं.

पहिले प्राध्यापक फार गोड बोलायचे. सभागृह तुडुंब! दुसरे विद्वान होते. म्हणजे काय ते तुमच्या लक्षात आलंच! कोणी शंका काढली की असे बघायचे, की माणूस शंकेसकट बाहेर. लोक हळूहळू आत बसेनात, दाराबाहेर उभं राहून ऐकू लागले. मग त्यांची पोरं उभी राहिली. पोरांना वाटलं, रीतच आहे ही! त्यांनी चपला काढल्या. त्यांच्या पोरांनी हात जोडले. पुढं कोणी उंबऱ्यावर फूल ठेवलं, कोणी नारळ फोडला. परीक्षा जवळ आल्या की तर रांग! घंटा झाली की नमस्कार करायचा आणि घरी. आत कोण? कोणी नाही!

अशा त्या आसनावर भालचंद्रपंत ओगले आले. तरुण, हुशार, आकाशावर जीव. पहिल्या गुरुवारी घंटा वाजवली, आत बघतात तो नुसत्या सतरंज्या! बाहेर सगळं गाव हात जोडून. पंत म्हणाले, "आत या ना!" एक म्हातारबा म्हणाले, "छे छे महाराज, आमची काय पायरी!"

आता दुसऱ्यांदा बोलवावं की नाही? पण पंत मानी! त्यांना वाटलं, यांना घंटा हवी आहे, मी नको. गावाला वाटलं, एवढे ज्ञानी, आपण समोर काय बसायचं! दोघंही एकमेकांचा मान राखत राहिले, मंडळी. पंतांचे केस पांढरे झाले. दर गुरुवारी व्याख्यान तयार करायचं, घंटा वाजवायची, दिवा शांत करायचा. घरी जेवताना बायको विचारायची, "झालं का?" पंत म्हणायचे, "झालं." आणि अर्धं ताट तसंच सरकवायचे हो!

शेवटी सभागृह चालवणाऱ्या पंचांचे प्रमुख बापूसाहेब आले. "पंत, श्रोता नाही तर आसन कशाला? या गुरुवारनंतर इथं मंगल कार्यालय करतो." वाईट माणूस नव्हता, घरात लग्नाची मुलगी होती. पण पंत मनाशी म्हणाले, आयुष्य गेलं आणि एक वाक्य बोललो नाही!

शेवटचा गुरुवार. घंटा झाली. हात जोडलेल्या गर्दीतून वाट काढत एक बाई थेट आत आली. गजराबाई. परगावची, चिंचा विकायला आलेली. तिला कुठली रीत ठाऊक! पाटी टेकवली, पाय पसरले. "गाडी चुकली माजी. बसू का जरा?"

नियम म्हणजे नियम — श्रोता आला! पंत आसनावर चढले, तोंड उघडलं... आणि काही आठवेना! एवढी व्याख्यानं, एकही आठवेना.

गजराबाईच म्हणाली, "तुमी आभाळाचं मास्तर ना? मग सांगा, मी चालाय लागले की चांद माज्यासंगं का चालतो?"

पंत खाली उतरले. म्हणाले, "बाई, वाटेतलं झाड पटकन मागं पडतं. लांबचा डोंगर हळू मागं पडतो. चंद्र इतका लांब आहे, की तुमच्या-माझ्या चालण्यानं तो जागचा हललेला दिसत नाही. म्हणून बरोबर आल्यासारखा वाटतो."

"बगितल्याबिगर न्हाई पटायचं."

"चला!"

आणि आसनाचे प्राध्यापक चिंचवालीबरोबर रस्त्यावर येरझाऱ्या घालू लागले! वर चंद्रकोर. "ते कडुलिंबाचं झाड बघा, गेलं मागं. आता चंद्र बघा." गाव हात जोडून बघतंय. एवढ्यात गर्दीतून कोणीतरी जोडलेले हात सोडले, चार पावलं चाललं, वर बघितलं आणि ओरडलं, "अरे, खरंच की! पंत, मग चांदण्यांचं काय?"

पंत रडले, मंडळी. भर रस्त्यात, सगळ्यांसमोर. आणि रडता रडता म्हणाले, "आत या, सांगतो." आणि लोक आत गेले! मंगल कार्यालय काही झालं नाही. बापूसाहेबांना मुलीचं लग्न दुसऱ्या गावी लावावं लागलं. त्याचा राग त्यांना अजून आहे.

हसताय? हसा! पण तुम्ही काय करता? येता, माझ्या पाया पडता, डोळे मिटून डोलता. इतकी वर्षं या देवळात उभा राहतोय, तुम्ही मला एकच प्रश्न विचारलात — "बुवा, प्रसादाला काय आहे?" देवापुढं हात जोडा, माझी ना नाही. पण कळत नसेल तर विचारा हो! मान देऊन तुम्ही मला उपाशी ठेवताय.

तेव्हा आज आरती जरा थांबेल. बुक्क्याची वाटी मी खाली ठेवली. खांबाशी बसलेल्या मावशी, मघापासून तुमचे ओठ हलताहेत आणि तुम्ही गप्प बसताय. बोला. चुकलं तरी बोला. मी ऐकतोय.