कोतवाल एडका आणि आमची वाटणी

माघ शुद्ध नवमी, फसली सन तेराशे एकोणतीस. आभाळ स्वच्छ, वारा उत्तरेचा, थंडी दात वाजवणारी. वाटणीची तिथी आधीच सांगून ठेवतो, नंतर वाद नको, कारण आमच्या घरात वाद झाला की कुणाचं तरी काहीतरी मोडतंच, आणि या खेपेला माझं खांद्याचं हाड मोडलंय, म्हणून हा हात असा गळ्यात बांधलेला... आणि हे सगळं कशापायी? मरताना बाप एक शब्द नीट बोलून गेला असता, तर काय बिघडलं असतं?

बाप आमचा सटवा धनगर, जन्म गेला पालीच्या माळावर मेंढरांमागं. शेवटच्या घटकेला आम्ही तिघं उशाशी. मी रामहरी, थोरला. बंकट धाकटा. आणि वडवणीला दिलेली बहीण रतनबाई. बापाचे ओठ हलले. मी कान लावला. बंकटनं माझं मुंडकं बाजूला सारून आपला कान लावला. मी त्याचा तोच कान धरून पिळला, त्यानं माझ्या बरगडीत गुडघा घातला, म्हणजे बघा, मरणाऱ्या माणसाच्या छातीवर आमची झोंबाझोंबी, आणि बाप बोलला काय? "कोतवालाला... मीठ घालत जा." आणि गेला.

कोतवाल म्हणजे आमचा एडका. कपाळ पाट्यासारखं, शिंगं दोन वळसे घेतलेली. रागाला आला की बैलगाडी उलटी करतो. पण सगळा कळप त्याच्या मागं. तो ओढ्यात उतरला की कळप ओढ्यात, तो काटवणात घुसला की कळप काटवणात.

"म्हातारं बरळलं," बंकट म्हणाला. मलाही तसंच वाटलं. आमचं दोघांचं एकमत झालं ते तेवढंच.

मग दिवसपाणी उरकेपर्यंत दररोज मारामारी. सकाळी गोफणीवरून, दुपारी कुऱ्हाडीवरून, एकदा तर बापाच्या जोड्यावरून, एकेक पाय दोघांनी घातला आणि उरलेल्या पायानं एकमेकांना लाथा घातल्या. बायकांनी भाकरी थापता थापता रडून घेतलं. बाप एक शब्द नीट बोलून गेला असता, तर?

शेवटी सुंदरराव पाटील पंच म्हणून आले, आमच्या मेंढरांच्या वाड्याच्या कुंपणाशी बाभळीखाली बसले. रीत तुम्हाला ठाऊक आहे, थोरल्यानं वाटे घालायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा, म्हणजे थोरल्यानं लबाडी केली तर ती त्याच्याच पदरात पडते. पाटील म्हणाले, "लेकीला वाटा न्हाई, पण बाई, आठवण म्हणून काय पाहिजे का?"

रतनबाई म्हणाली, "मला आबाची घोंगडी तेवढी द्या."

"घे बाई, घे," आम्ही दोघं एकदम. काय आमचं मन मोठं. जुनी घोंगडी, कोपऱ्याला गाठ मारलेली, भोकं पडलेली. पाटलांचे डोळे भरून आले.

मग मी वाटे घातले. एका बाजूला सगळी धष्टपुष्ट, लेकुरवाळी मेंढरं. दुसऱ्या बाजूला लंगडी, काणी, खोकणारी, आणि त्यांच्यात दाव्याला बांधलेला कोतवाल. तुम्ही म्हणाल, असे कसे वाटे? अहो, बंकट हावरा. तो धष्टपुष्ट उचलणार, आणि सांज झाली की कोतवालाच्या मागं ती सगळी आपल्या पायानं माझ्या वाड्यात येणार. रात्रभर विचार करून काढलेली युक्ती होती.

बंकटनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. मग डोळे पुसत म्हणतो, "मला लंगडी द्या, पाटील. मुकी जनावरं हायती. मला लई दया येती."

"देवमाणूस हायेस बे," पाटील म्हणाले.

मी काठी उचलली आणि त्या दयेच्या मधोमध घातली. बंकटचे पुढचे दोन दात पाटलांच्या पागोट्यात जाऊन पडले. त्यानं माझ्या केसांना धरलं, मी त्याच्या. कपाळाला कपाळ लागलं, दोघं वाकून रेटतोय... आता एडक्यासमोर अशी टक्कर लावावी का माणसानं? कोतवालाला वाटलं आपल्यालाच बोलावलंय. दावं तोडून जो आला तो पहिली धडक माझ्या खांद्यात. कडाक. दुसरीत बंकट काटेरी कुंपणात, पार कमरेपर्यंत. पाटील बाभळीवर. वरून काट्यात अडकलेला आवाज येतोय, "शांत बसा रे, पंचायत चालू हाय."

कोतवाल तिसरीसाठी मागं सरला. तेवढ्यात रतनबाईनं घोंगडीच्या कोपऱ्याची गाठ सोडली. आत मीठ. तळहातावर घेतलं. "ये कोतवाला, ये." आणि तो सैतान गेला की हो, वासरासारखा, हात चाटायला लागला.

मी जमिनीवरूनच विचारलं, "कवापासून घालतीस मीठ?"

"रोजच. तुमी भांडत होता ना. आबा सांगून गेलतं, दादा. तुमी न्हाई ऐकलं?"

घोंगडी खांद्यावर टाकून ती वडवणीच्या वाटेला लागली. मागं कोतवाल. त्याच्या मागं माझी धष्टपुष्ट. त्यांच्या मागं बंकटची लंगडी, पळत. जन्मात कधी पळाली नव्हती ती.

आम्ही काय गप्प बसलो? दोनदा मारत-झोडत माघारी आणली. दोन्ही खेपेला सकाळी वाडा रिकामा. मग वडवणीला जाऊन मी घोंगडीच ओढली.

"पंचांपुढं दिलीत दादा," ती म्हणाली, शांतपणे. तिच्या मागं कोतवालानं धडक द्यायला मान खाली घातली. मी घोंगडी सोडली.

पुन्हा पंचायतीला गेलो, तर पाटील म्हणाले, "मेंढरं ज्याच्याकडं टिकतील, त्याची." बाप एक शब्द नीट बोलून गेला असता...

निकाल असा. कळप रतनबाईचा. मी आणि बंकट तिच्याकडं राखणीला. मजुरी दोन वेळची भाकर, एक जोडा, वर्षाला माणशी एक घोंगडी. मीठ ती स्वतः घालते.