चार विद्यार्थ्यांमागे एक

(पदवी महाविद्यालयातली रसायनशास्त्राची प्रयोगशाळा. विभागप्रमुख मॅडम आत्ताच प्राचार्यांच्या खोलीतून आल्या आहेत. सव्वीस वर्षं लॅब सांभाळणारे भाऊ बाटल्या पुसताहेत.)

भाऊ: म्हणजे पुढच्या वर्षी प्रवेशच नाहीत?

मॅडम: नाहीत. तिसऱ्या वर्षाची मुलं परीक्षा देऊन सुटतील. बाकीच्यांनी दुसरं कॉलेज बघायचं.

भाऊ: प्राचार्यांनी चहाला बोलावलंय म्हणून शिपाई सांगून गेला, तो हा चहा होय.

मॅडम: चहाही होता.

भाऊ: पण कारण काय? पहिल्या वर्षाला छत्तीस पोरं आहेत. स्टुलं पुरत नाहीत, मी वरच्या वर्गातून ओढून आणतो.

मॅडम: मान्यतेचे नवे निकष आलेत. चार विद्यार्थ्यांमागे धूर ओढणारं एक कपाट पाहिजे. चालू असलेलं.

भाऊ: आपल्याकडे दोन आहेत.

मॅडम: चालू?

भाऊ: एक. दुसऱ्यात मी फडकी ठेवतो.

मॅडम: नऊ लागतील. नऊ बसवण्यापेक्षा कोर्स बंद केलेला बरा, असं संस्थेचं म्हणणं. पाच मिनिटांत ठराव झाला.

भाऊ: कुणाच्या सुपीक डोक्यातून निघालं हे? एसीत बसून कागद काळे करायला काय जातंय. त्या माणसाला एकदा इथे उभा करा, अमोनियाची बाटली उघडून. मग विचारतो... काय झालं?

मॅडम: मी लिहिलंय ते.

भाऊ: चेष्टा नका करू.

मॅडम: गेल्या वर्षी दर महिन्याला तुमच्यावर लॅब टाकून जायचे ना? ती निकषांचीच समिती. बाकीचे दहा मुलांमागे एक म्हणत होते. मी चारावर अडून बसले.

भाऊ: आपल्याकडे एकच चालतं, हे माहीत असून?

मॅडम: म्हणूनच. अकरा अर्ज दिले मी प्राचार्यांना. प्रत्येक वेळी ‘बघू’. म्हटलं, वरून नियम आला की झक मारत बसवतील. तुमचा खोकला ऐकत होते मी रोज.

भाऊ: माझ्या खोकल्याला कशाला मध्ये आणता?

मॅडम: तो होताच मध्ये. समितीतले एक वयस्कर सर म्हणाले, जुन्या कॉलेजांना तीन वर्षांची मुदत देऊया. मीच नको म्हटलं. मुदत दिली की कुणी जागचं हलत नाही, असं छातीठोकपणे सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

भाऊ: तीन वर्षं मिळाली असती तर ही पोरं इथूनच पदवी घेऊन निघाली असती.

मॅडम: हो.

भाऊ: सगळी.

मॅडम: हो, भाऊ. प्राचार्यांच्या खोलीपासून इथवर येताना दुसरं काहीच डोक्यात नव्हतं.

भाऊ: कोपऱ्यातली ती चष्मेवाली आहे ना, तिला घरून चालत येता येतं म्हणून वडिलांनी इथे घातलंय. दुसरं कॉलेज बसनं दोन तास. ते नाही पाठवायचे.

मॅडम: माहितीये. दोनदा येऊन भेटलेत ते मला. तुमच्या भरवशावर सोडतोय म्हणाले.

भाऊ: मग जा की समितीकडे. तुम्हीच लिहिलंय, तुम्हीच बदलून घ्या.

मॅडम: समिती संपली. आता पाच वर्षांनी नवी. सूट मागितली तर काय उत्तर येईल ते मला पाठ आहे. कुणालाही सूट नाही, ही ओळसुद्धा माझीच.

भाऊ: काही सोडलंच नाहीत तुम्ही.

मॅडम: चांगलं काम करतेय असं वाटत होतं. इतकं मनापासून मी आयुष्यात काही केलं नव्हतं.

भाऊ: आलीत पोरं. दाराशी गलका ऐकू येतोय ना? आज सॉल्ट ओळखायचं प्रॅक्टिकल आहे.

मॅडम: राग आलाय माझा?

भाऊ: आलाय. खोटं कशाला बोलू? पण आत्ता दार उघडायचंय.

मॅडम: माझ्याच्यानं नाही बोलवणार आज त्यांच्याशी.

भाऊ: बोलू नका. नुसती हजेरी घ्या. पहिली दोन-चार नावं घेतलीत की आवाज लागेल तुमचा.